बांबू वडिलांसाठी

दहावा महिना, तिसरी तिथी, १९१५

बाबांना, उत्तरेकडे तोंड करून, कपाळ जमिनीला टेकवून.

तुम्ही मागच्या महिन्यात वारलात. नववा महिना, नववी तिथी. ही तिथी तुम्हीही लक्षात ठेवावी, म्हणजे पुढे कधी कोणी विचारले तर आपले दोघांचे उत्तर एकच येईल. परमुलखात मेलेल्या ज्या माणसाची तिथी कळत नाही, त्याच्या नावाने दरवर्षी त्याच दिवशी पान वाढतात, म्हणून काकांनी ती धरली. कारण विषमज्वर. ठिकाण मांचुरियातले एक खेडे. खेड्याचे नाव काकांनी मनाने घातले आहे. तसे खेडे बहुधा नसावे.

ही कल्पना माझी नाही, हे आधी लिहितो. तुम्ही घर सोडून सीमेपलीकडे गेल्याला पाचवे वर्ष लागले आणि ठाण्यातला शिपाई, मा नावाचा, या पाच वर्षांत एकही महिना चुकलेला नाही. आधी तो फक्त विचारून जायचा. आठव्या महिन्यात तो आईला ठाण्यात घेऊन गेला आणि दोन दिवस उभे ठेवले. परत आली तेव्हा तिचे पाय जोड्यांत मावत नव्हते. त्या दिवशी काका म्हणाले, "दादा जिवंत आहेत तोवर वहिनींना बसायला मिळणार नाही. मेलेल्या माणसाची चौकशी कोणी करत नाही." घराण्यातली पाच वडीलधारी माणसे जमली, पाचही जणांनी माना हलवल्या. मला कोणी विचारले नाही. मी फक्त मुलगा होतो, आणि सगळे करायचे मात्र मुलानेच असते.

मा जपानी असता तर एवढ्यावर भागले असते. पण तो आपल्यातलाच, शेजारच्या परगण्यातल्या चांगल्या घरचा, तिसरा मुलगा. त्याने स्वतःच्या बापाचे सगळे केलेले आहे. सुतकाच्या झग्यात कोणता टाका कुठे पडतो, हे त्याला माझ्याहून जास्त कळते. म्हणून काही म्हणता काही सोडता आले नाही.

तुमचे निळे अस्तराचे जाकीट घेऊन मी छपरावर चढलो. डाव्या हाताने गळा, उजव्या हाताने कंबर धरली आणि उत्तरेकडे तोंड करून तुम्हाला परत या म्हणून तीनदा हाक मारली. पहिल्या हाकेला आवाज फुटला नाही. खाली अंगणात मा उभा होता. तो म्हणाला, "जरा जोरात, मालक. मांचुरिया लांब आहे." दोघे-चौघे हसले आणि मग हसल्याबद्दल घाबरले. दुसरी आणि तिसरी हाक मी चांगली मारली. तुम्ही आला नाहीत, म्हणजे तुम्ही मेलात असे ठरले.

जाकीट पेटीत घालून मागच्या टेकडीवर पुरले. त्यावर उंचवटा केला आहे, गवत लावले आहे. मी जाड्याभरड्या तागाचा झगा घातला आहे, कड न शिवलेली, कारण शिवलेली कड आईच्या सुतकात असते, आणि हातात बांबूची काठी आहे. आजोबांच्या वेळी तुम्हीच मला शिकवले होते. वडिलांसाठी बांबू, गोल, कारण वडील म्हणजे आकाश. आईसाठी ओदोंगच्या झाडाची काठी, आणि तिचे खालचे टोक तासून चौकोनी करायचे, कारण आई म्हणजे जमीन. दोन्हींची उंची छातीपर्यंत. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. तुम्ही मला मापाची दोरी धरायला दिली होती. ती दोरी माझ्याकडे आहे, याही वेळी तीच वापरली.

आता सत्तावीस महिने मी हा झगा घालीन, मांस-मद्याला शिवणार नाही, आणि सकाळ-संध्याकाळ तुमच्या नावाने मांडलेल्या भाताच्या वाटीपुढे मोठ्याने रडेन. आईही रडते. तिला सुरुवातीला जमत नव्हते.

हे पत्र बारीक अक्षरात लिहिले आहे, कारण ते कुंचलेवाल्या ओच्या कुंचल्याच्या पोकळ दांड्यात लपवून जायचे आहे आणि तो दांडा करंगळीएवढाच आहे. कच्चे लिहून मग पक्के उतरवले. माझे शिक्षण चौदाव्या वर्षी थांबले. गावचे गुरुजी तुम्ही सोबत घेऊन गेलात. तरी जपून लिहिले आहे.

तुमचा थोरला मुलगा,
प्यो दोंगसिक


पाचवा महिना, अठरावी तिथी, १९१७

बाबांना, कपाळ टेकवून.

ओ आला होता. तुमचे उत्तर आले म्हणून आईने त्याला अंडे घातलेली पेज दिली. त्याने कुंचल्याचे केस उपसून दांडा उपडा केला आणि गुंडाळी बाहेर पडली. ते माझेच पत्र होते. तुमच्या मृत्यूच्या बातमीत तुम्ही तांबड्या शाईने सात चुका दाखवल्या होत्या. शेवटी दोन वाक्ये होती. "अक्षर बरे. वाक्ये लांब."

आईची नजर आता अधू आहे. तिने विचारले, "काय म्हणतात?"

मी म्हणालो, "तब्येत बरी आहे. तुझी चौकशी केली आहे."

तिने कागद डोळ्यांशी नेला, तांबड्या खुणांवरून बोट फिरवले. "एवढं तांबडं कशाला रे?"

"तिकडे काळी शाई मिळत नाही," मी म्हणालो.

मग ओने तुमच्या गोष्टी सांगितल्या. तिकडे तुम्हाला चोंगआम म्हणतात, पत्रकांवर याच नावाची सही असते, आणि तीनशे पोरे राळ्याची पेज खाऊन तुमच्यासमोर बर्फात कवायत करतात. तुम्ही एकेकाला त्याच्या नावाने हाक मारता. कोणाला ताप आला तर स्वतः उशाशी बसता. आई हे ऐकून दोन दिवस खूश होती. तिने मला पुन्हा पुन्हा सांगितले, "तीनशे, आणि सगळ्यांची नावं पाठ." मी हो म्हणालो.

मला तुमच्याबद्दल जे आठवते ते मी कधी कोणाला सांगत नाही. तुम्ही अंगणात गड्यांची खरेदीखते जाळलीत आणि त्यांना म्हणालात, जा, आता तुम्ही कोणाचे नाही. पूर्वजांच्या नावाच्या पाट्यांसमोर स्वतःची शेंडी कापलीत आणि त्या पाट्या टेकडीवर पुरल्यात. आजही गावात हे सांगताना म्हाताऱ्यांचे डोळे भरून येतात. मग तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, थडगी सांभाळायला कोणीतरी हवे. गडी निघून गेले. मीही कोणाचा नाही, असे मात्र मला कोणी म्हणाले नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली. लिहिणार नव्हतो. माझी बायको, जिला तुम्ही पाहिलेले नाही, तिला मागच्या वर्षी दिवस गेले. बापाच्या सुतकात मुलाने बायकोच्या खोलीत पाऊल टाकायचे नसते, हे मला माहीत आहे. तुम्ही मेलेले नाहीत, हेही मला माहीत होते. त्या दोन माहितींच्या मध्ये मी कुठेतरी चुकलो.

मा आला. त्याने दारातच बोटे मोजली. "वडील जाऊन सोळा महिने. सूनबाईंना सातवा. म्हणजे एक तर मुलाला लाज नाही, नाही तर बाप मेलेला नाही. यातलं काय लिहू, मालक?"

मी म्हणालो, "मला लाज नाही, असं लिहा."

त्याने तसे लिहिले. घराण्याच्या वडीलधाऱ्यांनाही मग तसेच वागावे लागले. मला सगळ्यांसमोर उपडे पाडून तीस फोक मारले, आणि मारणाऱ्या पाचही जणांना खरे माहीत होते. काका मारताना रडत होते, पण हात हलका ठेवला नाही, कारण मा बघत होता. बायकोला माहेरी पाठवले. मुलगी झाली. ती मेहुण्याच्या नावावर लिहिली आहे. बोलायला लागली की ती मला आतोबा म्हणेल.

तुम्ही दाखवलेल्या सात चुका मी गिरवून गिरवून सुधारल्या. या पत्रात त्या सापडणार नाहीत.

दोंगसिक


अकरावा महिना, सहावी तिथी, १९१९

बाबांना.

आई गेली. काल पहाटे. छातीत कफ होता, नऊ दिवस ताप होता.

वाक्ये लहान ठेवायचा प्रयत्न करतो.

तुमचे सुतक दोन वर्षांपूर्वीच फिटले. मी तागाचा झगा जाळला, बांबूची काठी नियमाप्रमाणे मोडून कोणी जात नाही अशा घळीत टाकली. पण आई सकाळ-संध्याकाळ तुमच्या नावाची वाटी मांडत राहिली. आधी आम्ही मा याला दाखवायला रडत होतो. मग मा महिन्या-महिन्याला यायचा थांबला, मी थांबलो, ती थांबली नाही. एकदा मी तिच्या कानाशी जाऊन म्हणालो, "आई, बाबा जिवंत आहेत." ती म्हणाली, "असं बोलू नये." मला वाटले, ती सावध आहे, भिंतीला कान असतात म्हणून म्हणते. फार उशिरा कळले की तिला ते अभद्र वाटत होते. गेलेल्या माणसाबद्दल कोणी असे बोलते का, असा तिचा चेहरा होता.

या वसंतात बाजाराच्या दिवशी सगळे स्वातंत्र्याच्या नावाने ओरडले, तेव्हा मीही तिथे होतो. मी हात वर केला का, असे तुम्ही विचाराल. अर्धा केला. शेजारच्या मिठाच्या व्यापाऱ्याने दोन्ही केले, त्याला गोळी लागली. घरी आल्यावर आईला सांगितले. ती म्हणाली, "आज ते असते तर..." तुम्ही आहात, हे त्या घरात आता फक्त मला माहीत होते.

शेवटच्या रात्री तिला शुद्ध होती. तिने केस विंचरून मागितले. म्हणाली, "चला, त्यांच्याकडे जाते. फार दिवस एकटे आहेत."

मी तिला सांगितले नाही की तुम्ही तिथे नाही आहात.

तिचे पांढरे जाकीट घेऊन छपरावर चढलो. या वेळी पहिल्याच हाकेला आवाज फुटला. मा आला होता. त्याने रीतसर वाकून नमस्कार केला, वाटीपुढे उदबत्ती लावली, हे मान्य करायला हवे. मग बाहेर जोडे घालता घालता विचारले, "आईचं किती दिवस धरणार, मालक? एक वर्ष की तीन?"

काका माझ्या मागे उभे होते. बाप जिवंत असेल तर मुलगा आईचे सुतक एकच वर्ष धरतो. बाप नसेल तर तीन, म्हणजे तिसरे लागेपर्यंत, सत्तावीस महिने.

"तीन," मी म्हणालो.

"शिक्षण अर्धंच झालं म्हणतात तुमचं," मा म्हणाला. "तसं वाटत नाही."

तिला तुमच्या शेजारी पुरले. म्हणजे जाकिटाच्या शेजारी.

हे पत्र ओ येईल तेव्हा त्याच्याकडे देईन.

दोंगसिक


तिसरा महिना, दहावी तिथी, १९२०

बाबांना.

घरी सर्व ठीक आहे. आई बरी आहे. खोकला गेला, पाठही आता दुखत नाही. झोप शांत लागते. कळवण्यासारखे विशेष काही नाही.

दोंगसिक


आठवा महिना, दुसरी तिथी, १९२०

बाबांना.

हे पत्र कसे पोचवायचे, मला माहीत नाही. तुम्ही आता आहात त्या सोलच्या तुरुंगात सगळी पत्रे आधी पहारेकरी वाचतात. तरी लिहितो, कारण त्या दिवशी ठाण्याच्या अंगणात काय झाले ते तुमच्या-माझ्याशिवाय फक्त मा याला माहीत आहे, आणि त्याने ते त्याच्या पद्धतीने लिहून घेतले आहे.

सातव्या महिन्याच्या विसाव्या तिथीला ठाण्यातून बोलावणे आले. एक कुंचलेवाला पकडला होता. बाजारात कोणीतरी कुजबुजले होते की हा माणूस चोंगआम आहे आणि चोंगआम म्हणजे वारलेला प्यो इनहा. तुम्ही ओच्या जागी आला होतात. ओ खाटेला खिळला, त्याची गाठोडी तुम्ही उचललीत आणि दक्षिणेतल्या माणसांना भेटत भेटत निघालात. हे सगळे मला नंतर कळले. मुक्काम केलात ती सराई आपल्या घरापासून वीस ली, म्हणजे दोन तासांच्या वाटेवर आहे, हेही नंतर कळले. वीस ली मी आईचे औषध आणायला रोज चालत होतो.

आधी गावातल्या सहा जणांना आत नेले. सहाही जण म्हणाले, ओळखत नाही. मग काकांना नेले. ते बाहेर आले तेव्हा चेहरा कोरडा होता. जाता जाता ते माझ्याजवळ थांबले आणि ओठ न हलवता म्हणाले, "सुटतील. कुंचलेवाला म्हणून दोन-तीन महिने आत ठेवतील, मग सुटतील. तू फक्त नाही म्हण." मला एवढेच करायचे होते. नाही म्हणायचे. ते मला पाच वर्षे येत होते.

मी आतल्या अंगणात गेलो. तुम्ही गवताच्या चटईवर मांडी घालून बसला होता. केस कापलेले, दाढी नाही, उजव्या हाताच्या तीन बोटांना चिंध्या. शेजारी कुंचले ओळीने मांडून ठेवले होते, सगळ्यांचे दांडे चिरलेले. त्यांत काही सापडले नव्हते. तुम्ही नेहमी वाचून जाळता, हे ओ सांगायचा.

नऊ वर्षांनी तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. वाटेत बैल उभा असावा तसे पाहिलेत. तुमच्या डोळ्यांत मी नव्हतोच. ते तुम्हाला फार चांगले जमले. तुम्हाला तिथे काही करावे लागले नाही, असे मला वाटून गेले.

मा याने विचारले, "ओळखता?"

"नाही."

"नीट बघा, मालक. घाई नाही."

"माझे वडील १९१५ साली, नवव्या महिन्याच्या नवव्या तिथीला वारले," मी म्हणालो. "विषमज्वराने. मी छपरावरून हाक मारली तेव्हा तुम्ही अंगणात होतात. जोरात मारा, असं तुम्हीच म्हणालात."

मा हसला. त्याला ते आठवत होते. त्याने बसलेल्या माणसाला विचारले, "आणि तू? ह्यांना कधी पाहिलंस?"

तुम्ही गावंढळ, दक्षिणी हेल काढून म्हणालात, "नाही साहेब. मी कुंचले विकतो. सुतकातला माणूस कुंचला घेत नाही, त्यामुळं अशा दारात मी जातच नाही."

मा पुन्हा हसला. त्याने लेखणी खाली ठेवली. मी वाकून नमस्कार केला आणि निघण्यासाठी काठी पुढे टेकवली.

तेव्हा तुमची नजर खाली गेली. आधी माझ्या झग्याच्या कडेवर. ती शिवलेली होती. मग काठीवर. मग काठीच्या टोकावर.

मी तिथेच थांबलो. तुमचा चेहरा हलला नाही. फक्त तुमचा चिंध्या बांधलेला हात चटईवरून पुढे आला आणि त्याने काठीचे टोक धरले. चार कडांवरून अंगठा फिरला. एक, दोन, तीन, चार. आंधळा माणूस नाण्यावरून फिरवतो तसा.

तुम्ही म्हणालात, "कधी?"

मी काठी ओढली. तुम्ही सोडली नाही. मग तुम्ही कपाळ त्या चौकोनी टोकावर टेकवले आणि रडलात. मोठ्याने, रीतीप्रमाणे, जसे आई तुमच्यासाठी रडायची तसे. मी तुम्हाला कधी रडताना पाहिले नव्हते. काकांनीही पाहिले नसावे.

मा उठला. तो जवळ येऊन उकिडवा बसला, आणि आवाजात दरडावणे नव्हते, हे मी खरे लिहितो. तो म्हणाला, "बाबा, अनोळखी बाईसाठी कोण एवढं रडतं?"

तुम्ही मान वर केली आणि तुमचे नाव सांगितलेत. पूर्ण नाव, घराण्याचे मूळ गाव, आजोबांचे नाव, पिढी. हेल गेला होता. मग माझ्याकडे बोट करून म्हणालात, "आणि हा माझा थोरला मुलगा. याचा यात काही हात नाही. हा नुसता आज्ञेत राहिला."

तुमच्या तोंडून मी माझ्याबद्दल ऐकलेले ते सगळ्यांत मोठे वाक्य आहे.

काकांना खोट्या मृत्यूबद्दल चार महिन्यांची कैद झाली. मला नाही. मी नुसता आज्ञेत राहिलो, असे तुम्हीच त्या अंगणात सांगितलेत. टेकडीवरचा उंचवटा खणून जाकीट पुरावा म्हणून नेले. खड्डा मी बुजवलेला नाही.

तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर, अकराव्या महिन्याची पाचवी तिथी, मागच्या वर्षी. आठ महिने होऊन गेले होते. ओ मध्ये एकदा येऊन गेला. त्याच्याकडे मी दुसरे पत्र दिले. ते तुम्हाला मिळाले असेल. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, फक्त आई बरी आहे एवढे तीन शब्द सोडून.

काठी सोबत का नेली, असे काका मला तुरुंगातल्या भेटीत विचारतात. सुतकात घराबाहेर पडताना काठी हातात हवीच. नियम आहे. तुम्हीच शिकवलात.

दोंगसिक


बारावा महिना, विसावी तिथी, १९२०

बाबांना.

निकाल कळला. वरच्या कोर्टानेही फाशी कायम केली. तारीख कुटुंबाला आधी कळवत नाहीत, नंतर कळवतात.

काल तुमचे कार्ड आले. तुरुंगाचा शिक्का, दोन ठिकाणी काळे फासलेले. वाचता आले ते एवढे. "काठी पाहिली. टोक चौकोनी होते. उंची बरोबर. चूक नाही."

मी ते कितीतरी वेळा वाचले. कार्डाची मागची बाजूही पाहिली. तांबडी शाई कुठे नव्हती.

काका परवा सुटून आले आहेत. त्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "बघ, दादांनी तुला माफ केलं." मग म्हणाले, "तुला दोष देणारं कोणी नाही, दोंगसिक. तू नियमाने गेलास."

नाही, बाबा. चूक होती. तुम्ही तपासलेत त्यात ती सुटली.

त्या दिवशी ठाण्याच्या दाराशी पहारेकऱ्याने मला थांबवले होते. सहाही जणांच्या काठ्या, छत्र्या, गाठोडी दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली होती. तो म्हणाला, "काठी इथं ठेव." ठेवता आली असती. आत अधिकाऱ्यासमोर काठी न नेणे यात सुतकाचा काही भंग नाही, हे मला माहीत होते. मी विचार केला. जेवढा वेळ जोड्याची गाठ बांधायला लागतो, तेवढा वेळ विचार केला. आणि म्हणालो, "आईचं सुतक आहे, काठी सोडता येत नाही." त्याने कुरकुरून आत सोडले.

मला पाहायचे होते. तुम्ही तीनशे पोरांच्या उशाशी बसता, असे ऐकले होते. तांबड्या खुणा केलेल्या त्या माझ्या पत्रावरही तुम्ही आईबद्दल एक अक्षर लिहिले नव्हते. ती तुमच्या रिकाम्या थडग्यापुढे दिवसातून दोनदा रडून रडून खरोखर विधवा झाली. मला पाहायचे होते की तिच्यासाठी तुमच्या चेहऱ्यावर काही हलते का. हलले नसते तर मी घरी येऊन सुखाने तुमचा द्वेष केला असता, आणि तुम्ही दोन-तीन महिन्यांनी कुंचले घेऊन सीमेवरच्या आमनोक नदीपलीकडे गेला असता. मी अगदी खात्रीने गेलो होतो की हलणार नाही.

तुम्ही तिची कधी चौकशी केली नाहीत, म्हणून तिच्या मृत्यूचे पत्रही मी ओ याला दिले नाही. ते अजून माझ्या पेटीत आहे. ते तुम्हाला मिळाले असते तर तुम्ही तिकडेच कुठेतरी रडून घेतले असते आणि ठाण्यात तुमच्या डोळ्यांना काठी म्हणजे नुसती काठी दिसली असती. हे मी आता रोज मांडून पाहतो. कुठूनही मांडले तरी उत्तर तेच येते.

मा परवा घरी आला होता. आता त्याला विचारण्यासारखे काही उरलेले नाही. ओसरीवर बसला, पाणी मागितले. म्हणाला, "वडील जिवंत होते, म्हणजे आईचं सुतक एकाच वर्षाचं. ते मागच्या महिन्यात संपलं. तरी झगा अंगावर?"

मी म्हणालो, "आता काढून पुन्हा घालायचा, म्हणून ठेवला."

त्याने पाणी अर्धे प्यायले आणि भांडे खाली ठेवले. म्हणाला, "माझ्या बापाच्या वेळी मी बांबू ओला तोडला होता. वर्षात चिरला. तुम्ही वाळलेला घ्या." आणि गेला.

वाळलेला घेतला. मागच्या बनातला, तीन वर्षांचा. तुमच्या दोरीने छातीपर्यंत मोजून कापला. मुळाकडचे टोक खाली ठेवले आहे. अजून तो कोपऱ्यात उभा आहे, हातात धरायची वेळ आलेली नाही. छपरावरून हाक मारायला तुमचा एकही कपडा घरात नाही, एक होता तो पुराव्यात गेला. अंगावर जो असेल तो तुरुंगवाले परत देतात म्हणे. सोलला जाऊन मी तो मागून घेईन. या वेळी तुम्ही येणार नाही हे मला आधीच माहीत असेल, तरी तिन्ही हाका नीट मारीन.

हे पत्र तुरुंगात पाठवायचे नाही. चूक नाही, असे समजून तुम्ही जाल, ते राहू दे. पण लिहिलेले तुमच्या नावाचे आहे, ते कुठेतरी तुमच्याकडे असायला हवे. बांबूचे वरचे पेर पोकळ आहे, कुंचल्याच्या दांड्याहून मोठे. अक्षर बारीक करायचीही गरज पडली नाही. हा कागद गुंडाळून त्यात घालीन आणि तोंड मेणाने बंद करीन. सत्तावीस महिने तो माझ्या मुठीत राहील. मग नियमाप्रमाणे काठी मोडायची आणि कोणी जात नाही अशा जागी टाकायची.

ती मी वरच्या पेरावर मोडीन. म्हणजे कागदही सोबत फाटेल. एवढी काळजी मी घेईन.

तुमचा थोरला मुलगा,
प्यो दोंगसिक